उत्तर माहीत नसलेलं वर्ष

रसायनशास्त्र शिकायला, म्हणजे शाळेनंतर पदवी आणि पदव्युत्तर सलग करायला, पाच वर्षं कशाला लागतात, असं मला पुष्कळ जणांनी विचारलंय. विचारणाऱ्याचा सूर बहुतेकदा असा असतो की आवर्तसारणी पाठ झाली, चार समीकरणं संतुलित करता आली, मग उरतं काय? पूर्वी मी अभ्यासक्रमातल्या विषयांची यादी सांगत बसायचे. ऐकणाऱ्याचा चेहरा तिसऱ्या विषयापर्यंत उतरायचा. आता मी पोटॅशिअम परमँगनेटचं नाव घेते.

परमँगनेट बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. काळपट जांभळे, चकाकणारे बारीक खडे. दोन-चार पाण्यात टाकले की रंगाचे धागे खाली उतरत जातात आणि बघता बघता सगळा बीकर जांभळा होतो. पदवीच्या पहिल्या वर्षी ते भेटतं ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली नळ असलेल्या, मापाच्या खुणांच्या उभ्या काचनळीत. खाली कोनिकल फ्लास्कमध्ये ऑक्सॅलिक ॲसिड, त्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिड, आणि फ्लास्क आधी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवून घ्यायचा. ब्युरेटचं रीडिंग एरवी द्रवाच्या खालच्या वक्राला घेतात. इथे द्रावण इतकं गडद असतं की खालचा वक्र दिसतच नाही, म्हणून वरची कड धरायची. पहिला थेंब पडतो आणि फ्लास्क गुलाबी होतो. तसाच राहतो. नवख्या माणसाला वाटतं, झालं, एका थेंबात एंड पॉइंट, म्हणजे अभिक्रियेचा शेवट, आला. फ्लास्क फिरवत राहिलं की तो रंग नाखुशीनं, सावकाश विरतो. दुसरा थेंब जरा लवकर विरतो. पाचव्या-सहाव्या थेंबापासून मात्र जांभळा थेंब खाली टेकतो न टेकतो तोच नाहीसा. पुढे नळ थोडा सैल सोडला तरी चालतं. आणि मग एक थेंब असा येतो की सगळं द्रावण फिकट गुलाबी होतं आणि अर्धा मिनिट हलत नाही. ते रीडिंग.

पहिल्या वर्षी या प्रयोगातून शिकायचं असतं ते गणित. दोन परमँगनेट आयन पाच ऑक्सॅलेट आयनांना पुरे पडतात, त्यावरून तीव्रता काढायची, दोन रीडिंग सारखी आली की जर्नलवर सही घ्यायची. तोंडी परीक्षेत एक प्रश्न ठरलेला: सल्फ्युरिकच का, हायड्रोक्लोरिक ॲसिड का नाही? कारण परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करून क्लोरीन काढतं आणि हिशेब बिघडतो. उत्तर दिलं, सुटलो.

पहिला थेंब इतका वेळ का रेंगाळला, हे त्या वर्षी कुणी विचारत नाही. विचारलं तरी ‘तापमान कमी पडलं असेल’ एवढ्यावर भागतं.

दुसऱ्या वर्षी अभिक्रियांच्या वेगाचा विषय येतो. आलेख असतात, लॉगॅरिदम असतात, आणि एका तासाला फळ्यावर एक वेगळाच आलेख उमटतो: अभिक्रिया सुरुवातीला रखडते, मग एकदम वेग घेते, शेवटी मंदावते. अभिक्रियेतून जे निर्माण होतं तेच तिला उत्प्रेरक म्हणून पुढे ढकलतं. उदाहरण म्हणून नाव येतं परमँगनेट आणि ऑक्सॅलिक ॲसिडचं. पहिल्या थेंबापासून तयार झालेले मँगनीजचे द्विसंयुजी आयन पुढच्या थेंबांची वाट मोकळी करत असतात. फ्लास्कमध्ये आधीच चिमूटभर मँगनीज सल्फेट टाकलं तर पहिला थेंबही रेंगाळत नाही. हे करून बघायला काहीच लागत नाही, सगळं सामान त्याच टेबलावर असतं. तरी पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये ते करायला सांगत नाहीत. का सांगत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

तिसऱ्या वर्षी रंगांचा हिशेब. मँगनीज, क्रोमिअम यांसारख्या संक्रमण धातूंच्या डी ऑर्बिटलमधले, म्हणजे अणूतल्या ठराविक कप्प्यांतले, इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर उडी मारतात, त्यासाठी प्रकाशातला एक भाग शोषून घेतात, उरलेला आपल्याला दिसतो. या एका कल्पनेनं केवढं काय उलगडतं! माणिक लाल आणि पाचू हिरवा. दोन्हींत रंग देणारा आयन एकच, क्रोमिअमचा. माणकात त्याच्याभोवती ॲल्युमिनाची जाळी असते, पाचूत बेरिलची. शेजाऱ्यांची पकड थोडी सैल किंवा घट्ट झाली की पातळ्यांमधलं अंतर बदलतं आणि लालाचा हिरवा होतो. मी हे ऐकलं त्या दिवशी मला वाटलं, आता जगातला कुठलाही रंग सांगा, मी कारण सांगते.

त्याच आठवड्यात गृहपाठात प्रश्न: परमँगनेट जांभळं का? मँगनीजची ऑक्सिडीकरण स्थिती अधिक सात. म्हणजे डी इलेक्ट्रॉन शून्य. उडी मारायला कुणी नाहीच. आणि तरी रंग इतका गडद की ब्युरेटचा खालचा वक्र दिसू नये.

इथे इलेक्ट्रॉन मँगनीजच्या स्वतःच्या घरात हलत नाही, तो ऑक्सिजनकडून मँगनीजकडे जातो. अशा स्थलांतराला क्वांटम यामिकीच्या नियमांची पूर्ण मोकळीक आहे, म्हणून ते सढळ हातानं होतं आणि रंग गडद येतो. याच्या उलट, अभिक्रियेनंतर उरणारा द्विसंयुजी मँगनीज. त्याच्याकडे पाच डी इलेक्ट्रॉन, पाचही वेगवेगळ्या ऑर्बिटलमध्ये, सगळ्यांचा स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनची फिरकी म्हणावी असा गुण, एकाच दिशेला. वरच्या पातळीत जायचं तर कुणाला तरी स्पिन उलटा करावा लागेल, आणि त्याला नियमांची बंदी. बंदी अगदी अभेद्य नसते, पण ती मोडून जो रंग येतो तो इतका पुसट की सौम्य द्रावणात दिसतही नाही. एका बाजूला मोकळीक, दुसऱ्या बाजूला बंदी. त्या दोन्हींमुळेच ब्युरेटच्या या प्रयोगाला, म्हणजे टायट्रेशनला, वेगळा दर्शक, म्हणजे शेवट रंगानं दाखवणारं रसायन, टाकावा लागत नाही. पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये मी ‘परमँगनेट हा स्वतःच दर्शक आहे’ असं एक वाक्य लिहिलं होतं, सगळे लिहितात तसं. त्या वाक्याच्या खाली एवढं सगळं होतं.

पाच वर्षं कशाला लागतात याचं माझं उत्तर साधारण हे आहे. फ्लास्क तोच असतो.

याचीच दुसरी बाजू अशी की दरवर्षी आधीच्या वर्षाचं काहीतरी मोडतं. बोर यांचं १९१३ चं अणूचं चित्र, त्यातल्या त्या गोल कक्षा, विद्यापीठात पाऊल ठेवताच बाजूला ठेवायला सांगतात. त्यांच्या जागी श्रोडिंगर यांचं १९२६ चं समीकरण येतं. ते हायड्रोजनसाठी तंतोतंत सुटतं, आणि हीलियमपाशी, म्हणजे आवर्तसारणीतल्या दुसऱ्याच मूलद्रव्यापाशी, अडतं. दुसरा इलेक्ट्रॉन आला की दोघं एकमेकांना ढकलतात, आणि तंतोतंत उत्तराची सोय संपते. पुढचं सगळं अंदाजावर. फार चांगल्या, फार काटेकोर अंदाजांवर, पण अंदाजावरच. शंभराहून अधिक मूलद्रव्यांचं शास्त्र आणि तंतोतंत उत्तर एकाचं! हे कळलं तेव्हा काही जणांना फसवल्यासारखं वाटलं होतं. मला हायसं वाटलं. एवढं मोठं शास्त्र पुऱ्या उत्तराशिवाय उभं राहू शकतं, तर माझंही अर्ध्या समजुतीवर काही काळ भागेल.

ऑक्सिजनचं उदाहरण मात्र सगळ्यांनाच हलवतं. शाळेपासून ऑक्सिजनचा रेणू म्हणजे दोन अणू, मध्ये दुहेरी बंध, सगळे इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं, अष्टक पूर्ण. कागदावर कुठेही चूक नाही. मग द्रवरूप ऑक्सिजन, फिकट निळा, उणे १८३ अंशांना उकळणारा, चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओततात आणि तो खाली पडतच नाही. अधांतरी अडकून राहतो. सगळे इलेक्ट्रॉन जोडीत असते तर हे झालं नसतं. त्यातले दोन एकएकटे आहेत, आणि ते का, हे सांगायला रेणू-ऑर्बिटलचा, म्हणजे इलेक्ट्रॉन एकेका अणूचे न धरता सगळ्या रेणूचे धरणारा, सिद्धान्त लागतो. कागदावरच्या ठिपक्यांच्या चित्रात ते सांगायची सोयच नाही.

अशा सोप्या केलेल्या गोष्टींबद्दल शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. मी देत नाही. पहिल्याच दिवशी रेणू-ऑर्बिटल सांगितलं असतं तर अर्धा वर्ग उठून गेला असता. पण ‘हे आत्ता असं धरून चाला, पुढे मोडणार आहे’ एवढं सांगणारा शिक्षक आणि न सांगणारा शिक्षक यांत फरक आहे. थॅलिडोमाइडचं घ्या. गर्भवतींना मळमळीवर दिलेलं औषध. १९६१ मध्ये बाजारातून काढून घेईपर्यंत हजारो मुलं व्यंग घेऊन जन्मली. डाव्या-उजव्या, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या, रेणूंचा विषय शिकवताना ही गोष्ट हमखास सांगतात: एक प्रतिमा-रेणू गुंगी आणणारा, दुसरा घातक, वेगळे केले असते तर अनर्थ टळला असता. गोष्ट इथे संपवली की विषय फार छान डोक्यात बसतो. पण शरीरात हे दोन्ही रेणू एकमेकांत बदलत राहतात. शुद्ध ‘चांगला’ रेणू दिला असता तरी थोड्या वेळानं रक्तात दोन्ही सापडले असते. मला हा दुसरा भाग पहिल्या भागानंतर फार उशिरा कळला, आणि तोही वर्गात नाही. इतक्या गंभीर गोष्टीचा सोयीपुरता तुकडा वापरायचा, हे मला आजही पटत नाही.

भौतिकी रसायनाबद्दल फार लिहीत नाही. ज्यांना गणित आवडतं त्यांना ते आवडतं. माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच, की नेहमीच्या दाबाला आणि तापमानाला हिऱ्यानं ग्राफाइट व्हायला हवं, ऊर्जेचा कौल तसाच आहे. पण मधला चढ इतका उंच की तो होत नाही. एखादी गोष्ट घडावी की नाही आणि ती कधी घडेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रयोगशाळेत पुढे या दुसऱ्या प्रश्नानं मला बराच छळ दिला.

सेंद्रिय रसायन हा पाठांतराचा विषय अशी त्याची बदनामी आहे, आणि ती पूर्ण खोटी नाही. अभिक्रियांना माणसांची नावं, नावांना अपवाद, अपवादांना पुन्हा नावं. काही मुलं पहिली दोन वर्षं कार्डं करून पाठ करतात आणि तिसऱ्या वर्षी कोसळतात, कारण तोवर कार्डांचा गठ्ठा हातात मावत नाही. तरून जातात ती वक्र बाण शिकलेली मुलं. रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९२२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनांची जोडी कुठून कुठे जाते ते वळणदार बाणानं दाखवायला सुरुवात केली. बाण नेहमी इलेक्ट्रॉन असतात तिथून निघतो आणि ते हवे असतात तिथे टेकतो. बस. उलटा काढला की परीक्षकाची लाल रेघ. हे अंगात मुरायला मला चांगलं दीड वर्ष लागलं असेल. त्यानंतर कधीतरी न पाहिलेली अभिक्रिया समोर आली, आणि उत्तर आठवण्याऐवजी मी पेन्सिल घेऊन ती पुढे चालवून बघितली. तेव्हापासून कार्डं केली नाहीत.

या सगळ्याबरोबर हात शिकत असतात, त्याची मार्कशीटवर कुठे नोंद होत नाही. गरम द्रावण थंड झालं, स्फटिक येत नाहीत. काचेच्या कांडीनं फ्लास्कच्या आतल्या भिंतीवर, द्रवाच्या अगदी कडेला, करकर आवाज येईल असं घासायचं. काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर पहिले स्फटिक धरतात आणि मग कधी कधी सगळा फ्लास्क डोळ्यांदेखत गोठल्यासारखा भरून जातो. किती जोरात घासायचं? पुस्तकात नसतं. ग्रिन्यार अभिक्रिया, म्हणजे मॅग्नेशिअमच्या मदतीनं कार्बनचे नवे बंध जोडायची रीत, सुरू होत नाही. मॅग्नेशिअमच्या चकत्या ईथरमध्ये तशाच पडून. आयोडिनचा एक खडा टाकायचा, फ्लास्क तळहातानं धरून ऊब द्यायची, आणि तपकिरी रंग जाऊन गढूळपणा आला, बुडबुडे सुटले की लगेच बर्फाचं भांडं जवळ ओढायचं, कारण सुरू झाली की ती थांबत नाही. व्हिक्टर ग्रिन्यार यांना या अभिक्रियेसाठी १९१२ साली नोबेल मिळालं. काच कितीही कोरडी केली तरी दमट हवेच्या दिवशी ती सुरू व्हायला रुसते, याबद्दल त्यांना काय वाटायचं ते वाचायला मला आवडलं असतं.

आणि भीती. ती शिकवावीच लागते. कॅरन वेटरहान या विषारी धातूंच्या अभ्यासातल्या नाणावलेल्या प्राध्यापक होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर पडले. त्या काळच्या नियमांप्रमाणे त्यांनी सगळं नीट केलं होतं. ते द्रव लेटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं, हे तेव्हा माहीत नव्हतं. लक्षणं दिसायला महिने गेले आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. हातमोज्याची चाचणी त्यांच्या आजारपणानंतर झाली. आम्हाला ही गोष्ट सांगितली ती हातमोजे वाटताना, आणि वर एकच वाक्य: हातमोजा कुठल्या रसायनासाठी आहे ते तक्त्यात बघितल्याशिवाय घालू नका. त्या दिवसानंतर तो तक्ता बघायचा कंटाळा केलेला मला तरी कुणी दिसला नाही.

सलग पदव्युत्तर अभ्यासक्रमाची गंमत आणि गोची एकच आहे. शाळा सुटल्या सुटल्या तुम्ही पुढची चार-पाच वर्षं एका विषयाला देऊन टाकता. कुठे तो चार वर्षांचा असतो, कुठे पाच. मध्ये पुन्हा प्रवेशपरीक्षा नाही, नव्यानं अर्ज नाहीत. बऱ्याच ठिकाणी मधेच साधी पदवी घेऊन बाहेर पडायची वाट असते, आणि आमच्यातले काही जण त्या वाटेनं गेलेही. त्यातली एक मैत्रीण वर्गात सगळ्यांत हुशार होती. ‘मला उत्तरं आवडतात, इथे पुढे नुसते प्रश्न आहेत,’ असं ती म्हणाली आणि संख्याशास्त्राकडे वळली. तिचं चुकलं असं मला कधीच वाटलं नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय विसाव्या वर्षी तपासून बघायची मुभा हवीच. ज्या अभ्यासक्रमात ती नसते तो माझ्या मते वाईट अभ्यासक्रम, त्याचा निकाल कितीही चांगला लागो.

तिनं ते वाक्य अगदी अचूक उच्चारलं होतं, हे मला शेवटच्या वर्षी कळलं.

शेवटचं वर्ष प्रकल्पाचं. तोवर प्रयोगशाळेतल्या प्रत्येक प्रयोगाचं उत्तर कुणाला तरी माहीत असतं. ऑक्सॅलिक ॲसिडची तीव्रता प्रयोगशाळा-साहाय्यकाच्या वहीत लिहिलेली असते, तुम्ही फक्त तिच्या किती जवळ पोचलात एवढंच बघायचं. प्रकल्पात मार्गदर्शकांनाही उत्तर माहीत नसतं. मी पहिले काही आठवडे त्यांच्या चेहऱ्याकडे बघून आपण बरोबर चाललोय का याचा अदमास घेत होते. सवयच तशी. मग लक्षात आलं की तेही माझ्या स्पेक्ट्राकडे, म्हणजे रेणूची ओळख पटवणाऱ्या आलेखांकडे, तसंच बघतायत.

मला एक एनॉल ईथर, म्हणजे दुहेरी बंधाला ऑक्सिजन जोडलेला रेणू, करायचा होता. पुढच्या तीन पायऱ्या त्याच्यावर उभ्या होत्या. रिॲक्शन लावायची, दर अर्ध्या तासानं टीएलसी, म्हणजे मिश्रणात काय काय आहे त्याची झटपट चाचणी, घ्यायची. सिलिकाचा पातळ थर दिलेली बोटभर प्लेट, तिच्यावर केसाएवढ्या काचनळीनं ठिपके, तळाशी द्रावक. द्रावक वर चढतो आणि मिश्रणातले घटक आपापल्या वेगानं त्याच्यामागे जातात. रंगहीन संयुगांचे डाग दिसावेत म्हणून प्लेट परमँगनेटच्या द्रावणात बुडवायची. पाचव्या वर्षी तेच जांभळं द्रावण, आता रुंद तोंडाच्या बाटलीत. ज्या रेणूत दुहेरी बंध किंवा सहज ऑक्सिडीकरण होणारं काही असेल तिथे जांभळ्या प्लेटवर पिवळा ठिपका उमटतो. माझ्या प्लेटवर नवा ठिपका लख्ख उमटायचा. म्हणजे काहीतरी होत होतं.

क्रूड, म्हणजे अजून शुद्ध न केलेला, माल कॉलमवर, म्हणजे सिलिका भरलेल्या उभ्या काचनळीत, घालायचा, शंभरेक टेस्टट्यूब गोळा करायच्या, योग्य त्या एकत्र करून रोटाव्हॅपवर आटवायच्या. हाती येणारं संयुग बघावं तर भलतंच. एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कुठे बसलेत ते दाखवणाऱ्या चाचणीत, ९.७ पीपीएमच्या आसपास एक छोटा, ताठ पीक: अल्डिहाइड. मला जो रेणू हवा होता त्यात अल्डिहाइड असायचं काही कारण नव्हतं. वर सोबतीला ४.१, २.० आणि १.३ ला इथाइल ॲसिटेट या नेहमीच्या द्रावकाचे पीक, ते तर प्रत्येकाच्या स्पेक्ट्रममध्ये बिनबोलावता असतातच. प्रमाण बदलून पाहिलं, तापमान बदललं, नवी बाटली उघडली. हिवाळा गेला. कधी अल्डिहाइड, कधी नुसती काळी राळ.

राळेच्या दिवशी कुणीतरी हटकून पर्किनची आठवण काढतंच. विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, क्विनीन करायला घेतलं, हाती आला काळा गाळ. तो अल्कोहोलनं धुताना जांभळा रंग सुटला आणि त्यातून कृत्रिम रंगांचा सगळा उद्योग उभा राहिला. गोष्ट खरी आहे. प्रयोगशाळेत ती सांत्वन म्हणून सांगतात हाच तिचा दोष. आमची राळ अल्कोहोलनं, ॲसिटोननं आणि शेवटी नायट्रिक ॲसिडनं धुतली, आणि दरवेळी फक्त फ्लास्क स्वच्छ झाला. शिवाय पर्किनना हवं होतं ते क्विनीन मिळालंच नाही. ते प्रयोगशाळेत घडवण्याची वाट वुडवर्ड आणि डोअरिंग यांनी दाखवली ती १९४४ मध्ये. अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. हा आकडा मला पर्किनच्या रंगापेक्षा जास्त धीर द्यायचा.

यील्डचं, म्हणजे हाती किती टक्के माल आला त्याचं, गणितही याच दिवसांत बोचायला लागतं. एका पायरीत ९० टक्के मिळालं तर पेढे वाटावेत इतकं ते चांगलं. पण अशा दहा पायऱ्या एकामागे एक लावल्या तर शेवटी हाती उरतं जेमतेम ३५ टक्के. प्रत्येक पायरीला ७० टक्के धरले तर तीन टक्क्यांच्याही खाली. बारा-पंधरा पायऱ्यांचं संश्लेषण कागदावर बाणांनी काढायला एक दुपार पुरते. सुरुवातीला किलोनं माल घेऊन बसावं लागतं, ते या गुणाकारामुळे.

सुगावा लागला तो एका टीएलसी प्लेटवर. माझ्या ठिपक्याला शेपूट होती. वरच्या डागापासून खालच्या डागापर्यंत फिकट पिवळी रेघ ओढल्यासारखी. सगळ्या प्लेटांवर ती होती, आणि सगळे तिला ‘जास्त माल ठेवलास’ म्हणून सोडून देत होते. शेजारच्या टेबलावरच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीनं ती बघितली आणि म्हणाली, ‘चौकोनी प्लेट घे.’

चौकोनी प्लेटची युक्ती जुनी आहे आणि इतकी साधी की मला ती कुठल्याही तासाला कुणी सांगितली नव्हती. एका कोपऱ्यात एकच ठिपका ठेवायचा, प्लेट नेहमीसारखी चढू द्यायची. वाळवायची. मग काटकोनात फिरवून त्याच द्रावकात पुन्हा चढू द्यायची. दोन्ही वेळा द्रावक तोच, म्हणून प्रत्येक घटक दोन्ही दिशांना सारखंच अंतर जातो आणि सगळे डाग एका तिरप्या रेषेवर येतात. रेषेच्या बाहेर डाग पडला तर त्याचा अर्थ एकच: पहिल्या चढाईत जो रेणू होता तो दुसरीत राहिला नाही, प्लेटवरच बदलला. माझ्या प्लेटवर, परमँगनेटमधून काढून झटकल्यावर, तिरप्या रेषेच्या खाली एक ठळक पिवळा डाग होता.

म्हणजे रिॲक्शन पहिल्या दिवसापासून होत होती. फ्लास्कमध्ये माझा एनॉल ईथर तयार व्हायचा, आणि मी तो स्वतःच्या हातानं कॉलमवर घालून मारत होते. सिलिकाचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. आम्ल आणि ओलाव्याचा अंश मिळाला की एनॉल ईथर तुटून अल्डिहाइड होतो. एनएमआरसाठी वापरतात त्या ड्युटेरेटेड, म्हणजे जड हायड्रोजन घातलेल्या, क्लोरोफॉर्ममध्येसुद्धा आम्लाचा मागमूस असतो, त्यामुळे कॉलमवरून जे काही वाचत असेल ते नळीत संपत होतं. मी क्रूड मालाचा स्पेक्ट्रम क्लोरोफॉर्मऐवजी ड्युटेरेटेड बेंझिनमध्ये घेतला. दुहेरी बंधावरचे दोन हायड्रोजन जिथे असायला हवेत तिथे होते, आणि ९.७ ला काही नव्हतं. ती छापील पट्टी घेऊन मी मार्गदर्शकांच्या खोलीत गेले तेव्हा ते फोनवर होते. त्यांनी पट्टी बघितली, फोनवर ‘पाच मिनिटांनी करतो’ म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.

पुढचे कॉलम मी सिलिकावर आधी ट्रायइथाइलअमाइन सोडून लावले. आम्ल मारलं की सिलिका निमूट वागते. वास मात्र भयंकर, कुजलेल्या मासळीसारखा, आणि कपड्यांना चिकटणारा. त्या काळात माझ्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असायची.

थिसिसच्या प्रायोगिक विभागात या सगळ्याला अर्धं वाक्य मिळालं: ‘१ टक्का ट्रायइथाइलअमाइननं धुतलेल्या सिलिकावर शुद्धीकरण केलं.’ त्या विभागाची भाषा तशीच असते. अमुक इतके मिलिग्रॅम, अमुक इतके तास, रंगहीन तेल, यील्ड इतके टक्के, मग पीकची लांबलचक यादी. कुणी केलं, कितीदा केलं, याला तिथे जागा नाही, आणि नसावीच. वाचणाऱ्याला तो रेणू पुन्हा करता यावा एवढ्यासाठी ते लिहायचं असतं. न झालेल्या रिॲक्शन परिशिष्टातही घालू नयेत असा सल्ला मला मिळाला होता. मी दोन पानं घातली. कुणीतरी तोच कॉलम पुन्हा लावून तेवढेच महिने घालवू नयेत, एवढा एक मुद्दा होता, आणि मार्गदर्शकांना तो पटला.

वायवाची, म्हणजे थिसिसवरच्या तोंडी परीक्षेची, मी जी तयारी केली होती ती सगळी प्रस्तावनेची: आधी कुणी काय केलं, हा रेणू महत्त्वाचा का, पुढे काय करता येईल. बाहेरून आलेल्या परीक्षिकांनी प्रस्तावनेची पानं भराभर उलटली, प्रायोगिक विभागात थांबल्या, त्या अर्ध्या वाक्यावर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हे कशावरून कळलं?’ मी उठून फळ्यावर चौकोन काढला, त्यात तिरपी रेघ, रेघेखाली एक डाग. त्यांनी विचारलं, डाग खालीच का, वर का नाही? अल्डिहाइड या द्रावकात माझ्या ईथरपेक्षा हळू चढतं, म्हणून दुसऱ्या चढाईत मागे पडतं. मग आतले परीक्षक म्हणाले, पण पाणी कुठून आलं, प्लेट तर भट्टीत वाळवलेली होती ना? त्यावर त्या म्हणाल्या, हवेतली ओल सिलिका मिनिटाभरात ओढते. ते म्हणाले, मिनिटाभरात एवढी नाही. मी फळ्यापाशी खडू घेऊन उभी होते, आणि ते दोघं एकमेकांशी वाद घालत होते. बऱ्याच वेळानं त्यांच्यापैकी एकानं माझ्याकडे वळून विचारलं, ‘तुला काय वाटतं?’ वाळवलेली आणि न वाळवलेली अशा दोन प्लेटा शेजारी शेजारी लावल्या तर कळेल, असं मी म्हटलं. प्रयोगशाळा त्याच मजल्यावर होती. प्रस्तावनेबद्दल शेवटपर्यंत कुणी काही विचारलं नाही.